लोझानचं नाक

डॅन्यूबच्या काठावरच्या त्या लहानशा गावात लोझानच्या नाकाबद्दल जेवढं बोललं जाई, तेवढं मेयरबद्दलसुद्धा बोललं जात नसे. दिसायला नाक साधंच. जरा बसकं, आणि डाव्या नाकपुडीपाशी जुना भाजल्याचा डाग. पण गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली की लोझान बॉनेटकडे बघायचाही नाही. सरळ मागे जायचा, सायलेन्सरपाशी वाकायचा, एकच श्वास घ्यायचा आणि उठता उठता सांगायचा, "ऑइल जळतंय." किंवा, "पाणी जातंय आत. गोडसर येतोय." नाहीतर, "पेट्रोल जास्त, हवा कमी. ही गाडी जेवत नाही, नुसती बकाबका गिळतेय."

हे शेवटचं दुखणं ओळखण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. इंजिनाला हवेच्या मापाने पेट्रोल लागतं. माप चुकून पेट्रोल जास्त झालं तर ते नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते, धूर काळा येतो आणि त्या धुराला कच्च्या पेट्रोलचा डोळ्यांना झोंबणारा वास असतो. पण धूर काळा व्हायच्या कितीतरी आधी तो वास सुरू होतो, आणि तेवढा बारीक वास फक्त लोझानलाच यायचा. सरकारी ट्रॅक्टर स्टेशनात तो कामाला होता तेव्हा थोरले मिस्त्री म्हणायचे, पोराला यंत्र घ्यायची गरज नाही, आईच्या पोटातूनच घेऊन आलाय.

ते स्टेशन बंद पडलं, मिस्त्री गेले, निम्मं गाव कामासाठी स्पेन-इटलीला गेलं. लोझानची मुलगी मिग्लेनाही वालेन्सियाला गेली. लोझान आणि त्याची बायको सेव्दा मागे राहिली. घराच्या अंगणातच त्याने गॅरेज थाटलं. पत्र्याचं छप्पर, मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, कोपऱ्यात लाकडांची शेगडी. सेव्दा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. संध्याकाळी ती घरी आली की गॅरेजच्या दारातूनच म्हणायची, "हात धुतल्याशिवाय घरात यायचं नाही." आणि तो म्हणायचा, "आज शाळेत मसूर होती." शाळेत जे शिजलं असेल ते तो वासावरून ओळखायचा, आणि रोज बरोबर निघायचं. हसणं वगैरे काही नाही, पण हे बोलणं झाल्याशिवाय दोघांचा दिवस मावळत नसे.

सेव्दा गेली ती मार्चमध्ये. आजार फार लांबला नाही. दारावर निधनाचा काळ्या कडेचा कागद लागला, त्यावर तिचा फोटो. चाळिसाव्या दिवसापर्यंत गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकायची तिथली रीत; वाटलेलं त्याला तिकडे पोचतं म्हणतात. लोझानने चपला दिल्या, झगे दिले, स्वेटर दिले. फक्त एक तपकिरी कोट त्याने कपाटात ठेवून घेतला. शेजारची बाई कुंपणावरून दोनदा म्हणाली, "लोझान, असं ठेवू नये. तिला तिकडे थंडी वाजेल." तो म्हणाला, "वाजली तर मागेल."

त्या कोटाला सेव्दाचा वास होता. हातांना लावायच्या ग्लिसरीनच्या मलमाचा, आणि त्याच्या खाली भाजलेल्या मिरच्यांचा, कारण दर सप्टेंबरात अंगणात मिरच्या भाजताना ती हाच कोट अंगावर घ्यायची. रविवारी सकाळी मिग्लेनाचा फोन यायचा. फोन झाला की लोझान कपाट उघडायचा, कोटाच्या कॉलरला नाक लावायचा, दार बंद करायचा. एक मिनिटसुद्धा नाही. मग घर पुन्हा खायला उठायच्या आत गॅरेजमध्ये जायचा. असे दोन वर्षांचे रविवार गेले.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत नदीवरून बर्फाळ वारा सुटला होता. लोझान पाव घ्यायला गेला आणि दुकानाच्या पायरीवरून पाय घसरून मागच्या मागे आपटला. डोकं फरशीवर. चार टाके पडले, दहा दिवस डोकं ठणकलं. दुकानदाराने त्याला घरी आणून सोडलं, पाव टेबलावर ठेवला, म्हणाला, "काही लागलं तर सांग." काही लागलं तरी लोझान सांगणाऱ्यातला नव्हता. तो पडून राहिला आणि बरा झाला.

जेवण मात्र बेचव लागू लागलं. पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. सेव्दा गेल्यापासून तो घेवड्याचं सूप करायचा आणि तेच तीन दिवस खायचा. त्यात कसली आलीय चव? एकदा सूप तळाला लागलं, घर धुराने भरलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आल्यावर त्याला कळलं. म्हणाला, म्हातारा झालो, लक्ष राहत नाही. घरात दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं की काय जळतंय, नाक आहे की नाही. पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत एका रविवारी त्याने कपाट उघडलं, कॉलरला नाक लावलं, आणि काहीच आलं नाही. त्याने कोट हँगरवरून काढला. अस्तराला नाक लावलं, बाहीच्या आत लावलं, खिसा उलटा करून पाहिला. नुसतं कापड. खिडकीपाशी स्टुलावर तो बराच वेळ कोट मांडीवर घेऊन बसला. वास जातो, हे त्याला माहीत होतं. पेट्रोल उडतं, रंग उडतो, तसा वासही उडतो. दोन वर्षं टिकला हेच पुष्कळ. त्या दिवशी त्याला सेव्दा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी दारावर कागद लावायचीही सोय नव्हती.

ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी, मेलेल्यांच्या दिवशी, तो उकडलेला गहू आणि वाइनची बाटली घेऊन कबरस्तानात गेला. तो कोटही बरोबर नेला. तिथे पलीकडच्या खेड्यातली गोरित्सा आजी होती, नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला आलेली. अंगावर पातळ स्वेटर. लोझानने कोट तिच्या खांद्यावर घातला. "देव तिला क्षमा करो," रीतीप्रमाणे आजी म्हणाली. "देव क्षमा करो," तो म्हणाला, आणि घरी आला.

एप्रिलमध्ये तोंका आली.

तोंका म्हणजे पोस्टाची बाई. पन्नाशीची, अंगाने भरलेली, आणि जिभेला हाड नाही अशी. आपल्या जुन्या लाल गाडीतून ती पाच खेड्यांत पत्रं, पेपर आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनी पोचवायची. कुठल्या घरात कुणाची सून रुसली आणि कुणाचा मुलगा जर्मनीत दुसरी बाई करून बसला, हे सगळं पत्रांबरोबर तिच्या पोतडीत असायचं.

"लोझानदादा, ही गाडी माझ्यापेक्षा जास्त पितेय," ती उतरत म्हणाली. "टाकी भरली की चार दिवसांत रिकामी. सकाळी सुरू होते, पण एखाद्या घरी दहा मिनिटं थांबले की पुन्हा चालू व्हायचं नाव नाही. आणि वास! माझा नवरा म्हणतो, तू पोस्टात जातेस की पेट्रोल पंपावर?"

लोझान सवयीने मागे गेला. वाकला. श्वास घेतला.

"वास नाही येत," तो म्हणाला.

"काय सांगता! माझ्या केसांनासुद्धा येतोय."

"सवय झाली की मनातच राहतो वास. हिला थंडीचं दुखणं असेल." इंजिनाला आपण गरम झालो की नाही हे सांगणारा एक सेन्सर असतो. तो बिघडला तर गाडी सदा थंडीत असल्यासारखी पेट्रोल ओढते. लोझानने तो तपासला. आकडे थोडे इकडेतिकडे होते. त्याने नवा घातला. प्लग काढले तर काळेकुट्ट, काजळीने भरलेले. ते घासून बसवले. ऑइल किती आहे ते दाखवणारी काडी ओढून बोटावर थेंब घेतला, नाकाशी नेला. ठीक वाटला. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या डबीची नळीही ओढून पाहिली. या डबीत रबराचा पातळ पडदा असतो. एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला इंजिनात जाणारी हवेची नळी. पडद्याला भेग पडली तर पेट्रोल त्या नळीतून चोरवाटेने इंजिनात जातं. नळी आतून कोरडी होती. त्याने ती नाकाला लावली. काही नाही. पुन्हा बसवून टाकली.

आठवड्याने तोंका परत आली. "दादा, औषध लागू पडलं नाही."

या वेळी त्याने धुरावर नजर ठेवणारा सेन्सर बदलला. एवढ्या जुन्या गाडीत तो जातोच. तोंका स्टुलावर बसून बडबडत होती. मध्येच म्हणाली, "तुम्ही आताशा फारच सभ्य झालात. पूर्वी मी आले की म्हणायचात, तोंका, आज कांदा खाल्लास. आज चांगला दोन कांदे खाऊन आलेय, तर काही बोलला नाहीत."

"वय झालं."

"वय झालं की माणूस जास्त बोलतो. माझा सासरा बघा."

तिसऱ्या खेपेला गाडी तिच्या नवऱ्याने दोरीने ओढत आणली. लोझानला रात्रभर झोप आली नाही. चाळीस वर्षांत एकच गाडी एकाच दुखण्यासाठी त्याच्याकडे तीनदा आली नव्हती. कुठं चुकतंय तेच कळेना. दोनदा बदलले ते पार्ट बदलायची गरजच नव्हती, हे तर उघड होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

सकाळी त्याने ठरवलं की आता अंदाज नको, दाबच मोजायचा. पेट्रोलच्या पाइपला दाब दाखवणारं घड्याळ जोडलं, डबीची हवेची नळी काढून बाजूला ठेवली आणि विजेच्या चार्जरची तार जोडून पंप नुसताच चालू ठेवला, इंजिन बंद. घड्याळाचा काटा चढला, मग हळूहळू उतरू लागला. कुठंतरी गळतंय. तो समोर उभा राहून काट्याकडे टक लावून बघत होता. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथून नळी काढली होती त्या तोंडातून पेट्रोल ओघळत गिअरबॉक्सवरून खाली खड्ड्यात जात होतं. ते त्याच्या नजरेच्या आड होतं. खड्ड्याचा तळ आधीच ऑइलने काळा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याला वाटलं, काटा किती खाली येतो ते पाहू, तोवर कॉफी टाकू. बाकावर गॅसची लहान शेगडी होती. त्याने कॉफीच्या भांड्यात पाणी ओतलं आणि काडेपेटी घेतली.

"दादा."

तोंका दारात उभी होती. गाडीच्या डिकीत राहिलेली पेपरांची थैली न्यायला आली होती. तिचा आवाज इतका हळू होता की तो त्याने ओळखलाच नाही.

"ती काडी ओढू नका. पेटी खाली ठेवा आणि बाहेर या."

"काय झालं?"

"या म्हणते ना. पंप की काय तो बंद करायचा असला तर बाहेरून करा."

त्याने काडेपेटी ठेवली. अंगणातल्या बोर्डावरून वीज तोडली, पंपाचा आवाज थांबला. तोंकाने दोन्ही दारं सताड उघडली आणि ती अंगणात येऊन रुमालाने डोळे पुसू लागली. रडत नव्हती, वाफेने डोळे झोंबत होते.

"आत नुसती टाकी उलटी केल्यासारखं झालंय," ती म्हणाली. "रस्त्यावर येतोय वास. तुम्ही त्यात उभे राहून कॉफी करताय?"

"कसला वास?"

तिने रुमाल खाली घेतला. त्याच्याकडे बघितलं. मग ती तडक त्याच्या घरात गेली. पोस्टाच्या बाईला कुठल्याही घरात जायला परवानगी लागत नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लोणच्याची बरणी होती आणि अंगणातून खुडलेली कांद्याची पात.

"डोळे मिटा."

"तोंका, हा काय पोरखेळ."

"मिटा."

त्याने डोळे मिटले. तिने पात चुरगळून त्याच्या नाकाखाली धरली. त्याला ओलावा जाणवला. मग बरणी उघडली. आतून काहीतरी बारीक टोचल्यासारखं झालं, पण वास नव्हता.

"काय होतं?"

"दोन्ही वेळा पाणी," तो म्हणाला.

तोंकाने झाकण लावलं. "कधीपासून, दादा?"

"मला कुठं माहीत?"

मग तो टायरवर बसला आणि मागे मागे जाऊ लागला. कांद्याचं तिला बोललो नाही, ते गेल्या आठवड्यात. सूप जळलं, ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्याच्या आधी पायरीवरून पडलो. पडायच्या आदल्या आठवड्यात एका दूधवाल्याच्या गाडीचं ऑइल जळतंय हे त्याला रस्त्यावरूनच कळलं होतं. म्हणजे पडल्यावर. जानेवारीपासून. तो हे सगळं मोठ्याने सांगत होता, जसं गिऱ्हाइकाला सांगायचा, एकेक पार्ट तपासत. आणि बोलता बोलता मध्येच थांबला.

तोंकाने विचारलं, "काय झालं?"

"कोट," तो म्हणाला.

मग त्याने तिला सांगितलं. फार नाही, चार-पाच वाक्यांत. सेव्दाचा कोट होता, त्याला वास होता, फेब्रुवारीत तो गेला असं वाटलं म्हणून देऊन टाकला. "वास गेला नव्हता," तो म्हणाला. "मी गेलो होतो."

तोंकाने हातातली बरणी खाली ठेवली. म्हणाली, "गोरित्सा आजीकडे मी दर गुरुवारी जाते. पेन्शन असते तिची. मागून आणते. ती काही म्हणणार नाही, तिला दुसरा देऊ."

"नको."

"अहो, पण..."

"मेलेल्याच्या नावाने दिलेलं परत मागत नाहीत. आणि आणून मी करू काय त्याचं?" तो उठला. "चल, तुझी गाडी बघू. खड्डा मोकळा होऊ दे आधी."

दुपारपर्यंत त्याने दारं उघडी ठेवली, खड्ड्यात वाळू टाकली, ती भरून बाहेर काढली. इंजिनाच्या मागच्या अंगाला आरसा धरून पाहिलं तर डबीच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब लोंबत होता. पडदा फाटलेला. पहिल्या खेपेला भेग केसाएवढी असणार, नळीत आलेलं पेट्रोल उडून जात असणार, आणि मागे राहत असणार नुसता वास. ऑइलची काडी पुन्हा ओढली. पेट्रोल मिसळून ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि खुणेच्या वर चढलं होतं. हे तर डोळ्यांनाही दिसण्यासारखं होतं. पण चाळीस वर्षं जे नाकाने पाहिलं, ते डोळ्यांनी बघायची सवयच त्याला नव्हती.

दुसऱ्या दिवशी जवळच्या विदिन शहरातून नवी डबी आली. त्याने ती बसवली, ऑइल बदललं, नवे प्लग लावले आणि तोंकाला बोलावलं. इंजिन चालू केलं. मग तो आपल्या नेहमीच्या जागेवर, सायलेन्सरपाशी गेला, आणि बाजूला सरला.

"तू वाक."

"मी?"

"मग कोण? वाक आणि सांग."

तोंका वाकली. स्कर्टची टोकं गुडघ्यांत धरली, तोंड वेडंवाकडं केलं. "गाडीसारखा वास येतोय."

"असं नाही. डोळ्यांना झोंबतो का?"

"नाही."

"गोड?"

"नाही."

"जिभेवर काही येतं? पितळी चमचा चोखल्यासारखं?"

"दादा, मी पोस्टात आहे, कुत्री नाही." पण तिने पुन्हा श्वास घेतला, या वेळी खरोखर लक्ष देऊन. "गरम ओलसर वास आहे. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की येतो ना, तसा."

"बरोबर," लोझान म्हणाला. "झाली गाडी." आणि इंजिन बंद केलं. कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत. ती भांडली तरी घेतले नाहीत.

जाताना त्याने तिला एवढंच सांगितलं, "गावात बोलू नकोस."

"दादा, माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"म्हणूनच सांगतोय."

तोंका बोलली नाही. हे गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण ती नवऱ्याजवळसुद्धा बोलली नाही. मे महिन्यात एका गुरुवारी ती पत्र नसताना लोझानच्या फाटकापाशी थांबली. गाडीतून उतरली नाही, काच खाली केली.

"गोरित्सा आजीकडे गेले होते," ती म्हणाली. "कोट दाराच्या मागे टांगलेला होता. ती पेन्शनीचा कागद शोधत होती तेवढ्यात मी कॉलर हुंगली. तुम्ही मागू नका म्हणालात, हुंगू नका म्हणाला नव्हतात."

लोझान फाटकाला धरून उभा होता.

"मी खोटं बोलणार नाही," तोंका म्हणाली. "शेळीचा वास आहे. चुलीचा धूर आहे. आणि आजीचा. दुसरं काही मला मिळालं नाही. फेब्रुवारीत काय होतं ते मी नाही सांगू शकत."

"बरं झालं गेलीस," तो म्हणाला. "उबदार आहे का तिला?"

"उन्हाळा आला तरी बाहेर पडताना घालतेच, म्हणते."

त्याने मान हलवली. ती गेल्यावर तो गॅरेजमध्ये गेला, पण त्या दिवशी त्याच्या हातून काम झालं नाही. स्क्रू उचलायचा, खाली ठेवायचा. कोटात वास होता की नव्हता हे आता कुणालाच कळणार नव्हतं. सेव्दाचा वास त्या एकट्यालाच ओळखता आला असता, आणि त्याचंच नाक गेलं होतं.

विदिनच्या डॉक्टरने डोक्याचा फोटो काढला. म्हणाला, नाकातून मेंदूत जाणारे बारीक तंतू आपटल्याने तुटतात. कधी येतो वास परत, वर्षभरात, कधी नाही. औषध नाही. मग विचारलं, "घरी कोण असतं?"

"मीच असतो."

"मग घरात गॅस नको. आणि शिळं खाऊ नका, कळणार नाही तुम्हाला."

रविवारी मिग्लेनाचा फोन आला तेव्हा त्याने तिला सांगितलं. एप्रिलमध्ये कळल्यापासून सांगितलं नव्हतं. ती आधी रागावली, मग म्हणाली, "बाबा, इकडे या. खोली आहे. समुद्र आहे."

"समुद्राचाही वास येणार नाही मला."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही करत," तो म्हणाला. "इथे निदान मला माहीत आहे, कशाचा वास कसा होता ते." मिग्लेना ऑगस्टमध्ये येते म्हणाली. आली, बारा दिवस राहिली. सगळं घर धुतलं, विजेची शेगडी घेऊन दिली, धूर झाला की किंचाळणारं एक यंत्र छताला लावलं आणि परत गेली.

गावाला मात्र त्याने स्वतःच सांगितलं. एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला आणि म्हणाला, "लोझान, जरा हुंगून सांग, काय झालंय." आणखी दोघे गावकरी दारात उभे होते. लोझान हात पुसत म्हणाला, "नाक गेलं माझं. जानेवारीत पडलो तेव्हा गेलं. प्लग काढून बघावे लागतील, वेळ लागेल. थांबायचं तर थांब."

शेतकरी थांबला. पण सगळेच थांबले नाहीत. हायवेवर एक नवं गॅरेज होतं. तिथे सायलेन्सरला नळी लावली की कॉम्प्युटर आकडे सांगायचा. बरेचजण तिकडे जाऊ लागले. लोझानने वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे तोंडावर दाखवलं नाही. त्याने एक वही केली. कुठल्या दुखण्यात प्लगचा रंग कसा दिसतो, ऑइल बोटांवर कसं घसरतं, इंजिनाचा आवाज कुठे जड होतो, हे त्यात लिहू लागला. जे विशीत शिकायचं राहिलं होतं ते पासष्टीत शिकत होता. हात हळू झाले, पण चूक होत नव्हती. दिवसाला एखादी गाडी यायची, कधी तीही नाही.

दुपारचं जेवण तो बसस्टँडवरच्या खानावळीत घेऊ लागला. डॉक्टरने शिळं खाऊ नको म्हटलं होतं, आणि रोज ताजं करून एकट्याने खायचं त्याच्याने होत नव्हतं. खिडकीपाशी दोन खुर्च्यांचं टेबल होतं. दुसऱ्या खुर्चीवर तो टोपी ठेवायचा. खानावळ चालवणारी बाई त्या गावात नवी होती, तिला त्याच्या नाकाची ना जुनी गोष्ट माहीत होती ना नवी. पहिल्या दिवशी तिने वजडीचं सूप त्याच्यासमोर ठेवलं, लसूण-व्हिनेगरची वाटी सरकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कसं झालंय?"

लोझानने एक चमचा घेतला, मग दुसरा.

"गरम आहे," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढं पुष्कळ आहे, बाई."

ती हसली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळली. तो सावकाश जेवला. विदिनची बस आली, दोघं उतरले, कुणी चढलं नाही, बस गेली. त्याने पावाचा शेवटचा तुकडा सुपात बुडवून खाल्ला, टोपी उचलली आणि उन्हातून घराकडे चालू लागला.